सीमारेषेवरून थ्रो : थेट कीपरच्या हातात की एक टप्पा?

डीप मिडविकेटला चेंडू अडवलाय, फलंदाज दुसऱ्या धावेसाठी वळलेत आणि कीपर साठ मीटरवर उभा आहे. थेट फेकायचा की टप्पा घालायचा?

चेंडू हातातून सुटला की गुरुत्वाकर्षण त्याला सरळ रेषेपासून पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली आणतं, दोन सेकंदांत १९.६ मीटर. कितीही जोरात फेका, हा आकडा बदलत नाही. जोरामुळे फक्त तेवढ्याच वेळात चेंडू जास्त पुढे जातो. म्हणून खांदा कमी पडला की पोरं चेंडू उंच उडवतात, आणि तिथेच धाव जाते.

हिशेब बघा. ताशी १०८ किलोमीटरने फेकणाऱ्याला साठ मीटरसाठी वीसेक अंशांचा कोन पुरतो. चेंडू साडेपाच मीटर उंच जाऊन २.१ सेकंदांत पोहोचतो. ताशी ८७ वाल्याला मात्र ४५ अंश लागतात. चेंडू पंधरा मीटर वर चढतो आणि साडेतीन सेकंद घेतो. हवेचा विरोध मी धरलेला नाही. तो धरला तर हा दुसरा थ्रो कीपरपर्यंत पोचणारच नाही. एका क्रीजपासून दुसरी १७.६८ मीटरवर, म्हणजे दोन थ्रोंमधल्या या सव्वा-दीड सेकंदाच्या फरकात फलंदाज जवळजवळ अर्धी धाव काढतो.

त्याच ८७ वाल्याने कीपरच्या पंधरा मीटर अलीकडे टप्पा घातला, तर कोन २५ अंशांवर येतो. टप्प्यापर्यंत दोन सेकंद आणि टणक मैदानावर पुढे साधारण एक. शिवाय चेंडू कीपरला स्टंपच्या उंचीवर मिळतो. मी अशा मुलाला डोळे झाकून टप्पाच सांगेन.

पावसाळ्यातल्या ओल्या गवतावर मात्र टप्पा पडताच चेंडू मरतो. तिथे मध्ये एक जण उभा करा आणि दोन छोटे थ्रो घ्या.

टेनिस बॉलचं गणित वेगळं. आकार जवळपास सारखा, पण वजन ५८ ग्रॅमच्या आसपास. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारखंच खाली ओढतं, पण हलक्या चेंडूला हवा लवकर अडवते. त्यामुळे टेनिसवर खेळताना चांगल्या खांद्यानेही टप्प्याचाच विचार करावा.

आपला खांदा कुठला, हे ठरवायला साठ मीटर मोजा आणि मोबाइलवर वेळ लावून दहा थ्रो करा. बहुतेक थेट थ्रो तीन सेकंदांच्या पुढे जात असतील, तर स्टंपच्या पंधरा मीटर अलीकडे रुमाल टाका आणि उद्यापासून त्यावर नेम धरा.