परवाना जर्सीचा, नोकरी टेक्सासची: मूल्यमापन सेवेला अडीच तारे

नवऱ्याची बदली डॅलसला झाली तेव्हा मी निर्धास्त होते. गणित काय, इथून तिथून तेच. एडिसनजवळच्या शाळेत नऊ वर्षं आठवीला अल्जिब्रा शिकवलाय, आणि न्यू जर्सीचं स्टँडर्ड सर्टिफिकेट तहहयात चालतं. चालतं, पण जर्सीत! इथे शिक्षकाचा परवाना ज्या त्या राज्याचा. राज्याराज्यांमध्ये एकमेकांचे शिक्षक-परवाने मानण्याबाबत नॅस्डटेक या संघटनेचा करार आहे, पण म्हणून जुना परवाना दाखवला की नवा हातात, असं होत नाही. नव्या राज्याच्या अटी पुऱ्या कराव्याच लागतात.

टेक्सासमध्ये आधी 'रिव्ह्यू ऑफ क्रेडेन्शियल्स'चा, म्हणजे पदव्या आणि परवाना तपासून घ्यायचा अर्ज. माझी बी.एस्सी. आणि बी.एड. मुंबई विद्यापीठाची, म्हणून त्या पदव्या इथल्या हिशोबात कशात बसतात याचं, त्यांच्या यादीतल्या संस्थेकडून, विषयवार मूल्यमापन हवं. जर्सीच्या वेळची संस्था त्या यादीत नव्हती. मग दुसरी धरली, तिचाच हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडून अजून एक प्रत यायची आहे.

पहिली चूक माझी. 'रश'चे, म्हणजे तातडीच्या अहवालाचे, जादा पैसे भरले. पाच दिवसांत अहवाल, असं वाटलं. ते पाच दिवस सगळी कागदपत्रं त्यांच्याकडे पोचून नोंदली गेल्यावर सुरू होतात, हे खाली बारीक अक्षरात होतं. इकडे वहिनी डोंबिवलीहून कलिन्याला विद्यापीठात खेपा घालतेय, मार्कशीटच्या सीलबंद पाकिटासाठी, आणि मी इथे रशचे पैसे भरून बसलेय. पाकीट पोचल्यावरही ते नोंदायला अकरा दिवस लागले.

आणि मग अहवाल आला. नावाच्या जागी काय? माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं आणि शेवटी आईचं. यांनी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं. झालं, मी 'मिसेस सुनंदा'! आई फोनवर इतकी हसली की चहा सांडला म्हणाली. पण पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं आणि अहवालात आईचं, हे तिन्ही एकाच बाईचं आहे हे टेक्सासला कसं पटवायचं? लग्नाचा दाखला अपलोड केला, दोनदा. ईमेलला ठरावीक छापाचं उत्तर. शेवटी फोनवर एक बाई भेटल्या, त्यांनी शांतपणे ऐकलं, मार्कशीट समोर उघडून एकेक शब्द विचारला आणि दोन दिवसांत दुरुस्ती केली. अर्धा तारा फक्त त्यांचा.

अहवाल मात्र चोख. प्रत्येक पेपर वेगळा, त्याचे क्रेडिट, त्याची ग्रेड. रिअल अ‍ॅनालिसिसला मला ६१ होते. अहवालात त्याचा 'ए'! ज्या ६१ वर बाबा दोन दिवस बोलले नव्हते. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यावरचं बी.एड. मिळून इथली बॅचलर्स धरली, तेही नीट खुलासा करून. टेक्सासने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

कुणी जाणार असेल तर रश घेऊ नका. अर्जात नाव भरताना 'मार्कशीटवर आहे तसं' असा रकाना असतो, तिथे आडनाव कुठलं ते शेऱ्यात लिहा. लग्नाचा दाखला पहिल्याच दिवशी चढवा. आणि विद्यापीठाकडून मार्कशीटच्या दोन जादा सीलबंद प्रती आत्ताच मागवा, वहिनीला पुन्हा कलिन्याला पाठवायची तुमची हिंमत असेल तर गोष्ट वेगळी.

मला सध्या एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालंय. बोटांचे ठसे नव्याने दिले, जर्सीतले चालले नाहीत. टेक्सासची शिक्षकांसाठीची, सातवी ते बारावी गणिताची, २३५ नंबरची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. नऊ वर्षं पेपर तपासल्यावर आता स्वतः द्यायचाय, आणि मुलगा रोज विचारतो, "आई, अभ्यास झाला का?"