नऊ महिने, तीन वाचनं : 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या साफसफाईच्या धांदलीत, भाचीसाठी हे पुस्तक घेतलं. भाची आठ वर्षांची. शाळा इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि घरात आमची ग्वाल्हेरी मराठी. म्हणजे रजाईला दुलई कुणी म्हणत नाही आणि थंडीत धुकं नाही, कोहरा पडतो. पुस्तक इंग्रजी, पण रात्री मी ते मराठीत सांगत सांगत वाचायचे. आता जुलै उजाडलाय आणि तीनदा वाचून झालंय. तिसऱ्यांदा तिनं एकटीनं वाचलं.

गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडतात म्हणून चार भावंडांना गावाकडे, एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या अवाढव्य घरी पाठवतात. बाहेर पाऊस, म्हणून मुलं घर धुंडाळत फिरतात आणि धाकटी ल्यूसी एका कपाटात शिरते. कोटांच्या मागे फळी लागायला हवी, तर लागतं बर्फाळलेलं जंगल. पायाखाली काहीतरी करकरतं तेव्हा तिला आधी वाटतं, डांबराच्या गोळ्याच असणार! इथे मी वाचायची थांबले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात आजीचं सागवानी कपाट अजून आहे, आरशाचं दार असलेलं. शालींचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास त्याला कायमचा चिकटलाय. भाचीला उठवून नेलं आणि दार उघडून म्हटलं, घे वास. या पानाचं भाषांतर एवढंच.

बाकी ठिकाणी मात्र घाम फुटला. गोष्टीतले बीव्हर, म्हणजे नदीवर बांध घालणारे प्राणी, आपल्याकडे नाहीतच. ल्यूसीला पहिल्यांदा भेटणारा टुम्नस हा फॉन, म्हणजे कमरेखाली बोकड आणि वर माणूस. त्याला मराठीत काय म्हणावं यावर मी दोन रात्री घालवल्या. तिनं एका मिनिटात 'बकरीकाका' ठरवून टाकलं.

टर्किश डिलाइटचं प्रकरण वेगळंच. पांढरी चेटकीण एडमंडला ही जादूची मिठाई चारते आणि तेवढ्यासाठी तो सख्ख्या भावंडांना तिच्या हवाली करायला तयार होतो. जानेवारीत हे वाचत होतो, समोर ताटलीत गजक. साहजिकच भाचीच्या डोळ्यांपुढे गजकच आली आणि तिला एडमंड पूर्ण समजला. पुढे ओळखीच्या कुणीतरी परदेशाहून खरी टर्किश डिलाइट आणली. साखर आणि स्टार्चचा मऊ गोळा, गुलाबाच्या वासाचा; कराची हलव्याचा चुलतभाऊ म्हणा. एक तुकडा चावून ती म्हणाली, "आत्या, याच्यासाठी?" तेव्हा तिला सांगितलं की पुस्तक आलं 1950 साली, आणि ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशन उठलं ते 1953 मध्ये. लेखक सी. एस. ल्युइस लिहीत होते तेव्हा तिथल्या पोरांना गोड मोजूनमापून मिळत होतं. ती विचारात पडली. एडमंडला माफी मात्र दिली नाही.

कारण तिचा राग मिठाईवरून नव्हताच. ल्यूसी आधी एकटी जाऊन आली तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. नंतर एडमंड स्वतः तिथे जाऊन येतो, आणि परत आल्यावर मोठ्यांसमोर सांगतो की आम्ही आपलं खेळत होतो. चेटकिणीला सामील होणं एकवेळ चाललं असतं, हे नाही. पुढे प्रोफेसर वडील भावंडांना विचारतात, दोघांत एरवी खरं कोण बोलतं? ल्यूसी खोटं बोलत नाही, वेडी नाही, मग ती सांगते ते खरंच धरायला हवं ना? हे पान भाचीनं चार वेळा वाचून घेतलं. घरात हरवलेल्या पट्टीवरून भावाशी वाद झाला तेव्हा हाच युक्तिवाद माझ्या तोंडावर आला.

दुसरं वाचन मे महिन्यात केलं, आणि ही चूक की गंमत ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कपाटापलीकडच्या नार्निया राज्यात चेटकिणीमुळे कायम हिवाळा, पण नाताळ कधीच नाही. बाहेर लू चाललीय, कूलरमधलं पाणी संपलंय आणि भाचीचा प्रश्न, "मग चेटकीण वाईट कशी?" बर्फ वितळायला लागतो ते प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात सुंदर. आधी नुसता पाण्याचा आवाज, मग घसरगाडी चिखलात रुतते, मग फुलं. जानेवारीत, कोहऱ्यात, आम्ही दोघी त्यावर खूश होतो. मे महिन्यात तिला अतोनात वाईट वाटलं. हे पुस्तक आमच्या गावात थंडीतच वाचावं.

आता तक्रारी. मध्येच फादर ख्रिसमस येऊन मुलांना भेटी वाटतो, तो मला परक्या गोष्टीतून वाट चुकून आल्यासारखा वाटतो. ल्युइसचे लेखकमित्र टॉल्कीन यांनाही ही अशी सरमिसळ रुचली नव्हती. त्यात तो ल्यूसीला खंजीर देतो आणि वर सांगतो की बायका लढल्या की लढाई ओंगळ होते. ग्वाल्हेरच्या मुलीपुढे हे वाचायचं! फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी हिच्या शाळेच्या रस्त्यावर आहे. "याला कुणी सांगितलं नाही का?" एवढंच ती म्हणाली. मी ते वाक्य गाळू शकले असते, गाळलं नाही.

अस्लान सिंहाचं बलिदान आणि परत येणं यामागे ल्युइसची ख्रिस्ती श्रद्धा आहे, हे मोठ्यांना लगेच कळतं. भाचीनं विचारलं, नृसिंह का? मी म्हटलं, नाही, पण त्याच्याशी ओळख निघाली असती.

विकत घेणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. हल्लीच्या प्रतींवर नार्नियाच्या मालिकेतल्या या पुस्तकाला 2 आकडा असतो, कारण गोष्टीच्या काळाप्रमाणे 1955 चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' आधी लावतात. तिकडे लक्ष देऊ नका, सुरुवात इथूनच करा. जंगलात एकटाच दिव्याचा खांब का उभा आहे हे आधीच कळलं तर मजा गेली. प्रकरणं 17, मराठीत सांगत वाचलं तर एकाला पाऊण तास लागतो. पॉलीन बेन्स यांची रेखाचित्रं असलेलीच प्रत बघून घ्या. बांधणीबद्दल चांगलं बोलवत नाही. आमच्या कागदी आवृत्तीचा डिंक मार्चमध्येच सुटला. चेटकिणीच्या वाड्याची पानं आता रबरबँडात आहेत.

तिसरं वाचन तिनं आजीच्या कपाटात बसून केलं, टॉर्च घेऊन. कपाटात शिरून दार लावून घेणं हा शुद्ध मूर्खपणा, असं ल्युइस वरचेवर बजावतात. तिची एक चप्पल दारात अडकवलेली असायची. पुढचं 'प्रिन्स कॅस्पियन' मागवलंय, या खेपेला कडक पुठ्ठ्याचं.