विधानसभा उमेदवाराची खर्च नोंदवही: मांडणी उत्तम, पण रोज भरली तरच

अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून मिळणाऱ्या या वहीत महाराष्ट्रातल्या उमेदवाराने ४० लाखांच्या मर्यादेतला पैन् पै खर्च दाखवायचा असतो. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. पांढऱ्या पानावर उमेदवार, पक्ष आणि इतर असे वेगळे रकाने आहेत, त्यामुळे मंडपाचे पैसे कोणी दिले ते एका ओळीत कळतं. ही या वहीची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

घोळ होतो तो गुलाबी पानांवर. एका व्यक्तीला किंवा दुकानाला रोखीने १०,००० रुपयांपर्यंतच देता येतात, तेही अख्ख्या निवडणुकीत मिळून. बरेच जण ही मर्यादा दिवसाची समजतात. चहा-नाश्तेवाल्याला रोज ४,००० रोख दिले, की तिसऱ्या दिवशी १२,००० होतात आणि नियम मोडतो. रोजच्या पुरवठादाराला पहिल्या दिवसापासूनच चेक किंवा एनईएफटी द्या, तेही निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्यातून. हे खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. खिशातले पैसेसुद्धा आधी त्यातच भरायचे.

पांढऱ्या पानावर नुसतं ‘सभा खर्च’ लिहून भागत नाही. खुर्च्या किती, दर काय, बिल नंबर कोणता, सगळं हवं. त्याच सभेचं चित्रीकरण बघून सरकारी पथक शॅडो रजिस्टर, म्हणजे तुमच्या खर्चाची स्वतःची समांतर वही, भरत असतं. तुमचा दर जिल्ह्याच्या दरपत्रकाहून कमी निघाला, की नोटीस येते. अर्जाआधी छापून नंतर वाटलेली पत्रकं आणि स्टार प्रचारकासोबत मंचावर बसलेल्या सभेतला वाटा, हे दोन खर्च हमखास राहून जातात.

उणीव एकच, पण मोठी: पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला कायद्यात मर्यादाच नाही, त्यामुळे तो पैसा या वहीत दिसत नाही. दोष वहीचा नाही, पण चित्र अर्धंच राहतं.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय चुकला, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. एकदा दाखल झाला की १ रुपया भरून कोणीही तो पाहू शकतो. मतदारांनी जरूर पाहावा आणि ‘इतर’ हा रकाना आधी वाचावा.