‘आयुष्यभर तेल नको’ म्हणून घेतलेली मोटरसायकलची चेन आणि माझे १५,३४९ रुपये

हिशोब आधी देतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की शे-पाचशेसाठी रडतोय. बुकिंगचे ९९९ यूपीआयने, पार्सल आल्यावर ६,००० रोख, चेन बसवायची मजुरी ४५०, गगनबावड्याच्या अलीकडून गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणायचे १,८००, नवीन चेन सेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) ५,६०० आणि परत मजुरी ५००. झाले १५,३४९. ह्यात बुडालेल्या सुट्ट्या, झेरॉक्स आणि डोक्याचा ताप धरलेला नाही.

जाहिरात कसली असते ते सांगायला नको, सगळ्यांच्या मोबाईलवर येते. दाढीवाला पोरगा, महागडं जॅकेट, चेनवर चिखल ओततो, पाणी मारतो, चाक फिरवतो, चेन आपली सोन्यासारखी चमकतेय. कार्बन कोटेड, झिरो मेंटेनन्स, आयुष्यभर तेल नको. ११,९९९ वर काट मारून ६,९९९, स्टॉक संपत आलाय, आणि खाली कमेंटमध्ये भाऊ एक नंबर, भाऊ ऑर्डर केली, सगळे त्यांचेच. हे मला कळत नव्हतं असं नाही. उगाच कुणी "एवढं साधं कळलं नाही का" म्हणू नका, ते घरात ऐकून झालंय.

मी का फसलो ते सांगतो, कारण तुम्ही पण ह्याच कारणानं फसाल. अशी चेन खरोखर आहे. बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये एम एन्ड्युरन्स नावाची चेन काढली, एस १००० आरआर आणि एस १००० एक्सआर ह्या गाड्यांसाठी, त्यात रोलरवर (चेनमधल्या फिरत्या नळकांड्यांवर) हिऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या कडक कार्बनचं कोटिंग असतं आणि कंपनीच सांगते की हिला वरून तेल लावायची, ताण बघायची गरज नाही. हे मी आधीच वाचलेलं होतं. त्यामुळे रील बघितल्यावर मला वाटलं ती टेक्नॉलॉजी आता स्वस्त होऊन आपल्याकडे आली असणार, एलईडी बल्ब नाही का झाले स्वस्त. म्हणजे मला माहिती नव्हती म्हणून नाही, माहिती होती म्हणून गंडवलं. चेन विकणाऱ्या त्या व्हॉट्सॲपवाल्यानं मला बीएमडब्ल्यूचाच फोटो पाठवला आणि म्हणाला सर सेम कोटिंग, फक्त ब्रँडचे पैसे नाहीत.

आणि गरज पण होती हो. माझी ड्यूक ३९०, चेन उघडी. स्प्लेंडरवाल्यांचं बरं असतं, पूर्ण चेन कव्हर, आत धूळ-पाणी कमी जातं, सारखं सारखं बघायला लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात आज ल्यूब (चेनचं तेल) मारलं की उद्या धुऊन जातं, उन्हाळ्यात त्याच ल्यूबला धूळ चिकटून पेस्ट होते, आणि बायको मागे बसली की ड्रेसवर काळे ठिपके. पाचशे-सहाशे किलोमीटरला रॉकेल, ब्रश, ल्यूब घेऊन बसायचा कंटाळा ज्याला येत नाही त्यानंच मला हसावं.

पार्सल आलं. पैसे दिल्याशिवाय उघडू देत नाहीत, ६,००० मोजून दिले. बॉक्स काळा, जाड, आत फोम, एकदम भारी. पण बॉक्सवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. आपल्याकडे साधा बिस्किटचा पुडा घेतला तरी एवढं छापलेलं असतं, कायद्यानंच लागतं. हे तुम्ही बघा. पैसे द्यायच्या आधी बॉक्स बाहेरून तरी फिरवून बघा, त्याला कुणी अडवत नाही.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपताना आठवतो. आमचे मिस्त्री मामा, ज्यांच्याकडे मी कॉलेजपासून गाडी टाकतो, त्यांनी चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडायच्या लिंकची) पिशवी फोडून तळहातावर ओतली. दोन पिनांची लिंक, एक पट्टी, एक क्लिप. बस. मामांनी पिशवी परत उलटी करून झटकली, आत बोट घालून बघितलं आणि विचारलं, "रिंगा कुठायत रं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चांगल्या चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात, ओ-रिंग नाहीतर एक्स-रिंग. पिन आणि बुशच्या (पिनेभोवतीच्या नळीच्या) मध्ये फॅक्टरीतच भरलेलं ग्रीस त्या रिंगा आत धरून ठेवतात आणि पाणी-धूळ बाहेर. चेन खरी झिजते ती तिथं आत, बाहेर नाही. म्हणून अशा चेनच्या लॉकबरोबर चार सुट्या रिंगा येतातच. माझ्या पिशवीत एकही नव्हती, आणि मग बाकी चेनकडे बघितलं तर तिथंही पट्ट्यांच्या मध्ये काळी रेघ कुठंच नाही, नुसतं लोखंडाला लोखंड.

मी काय केलं? मी मामांना सांगितलं, मामा ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, कोटिंग असतंय, रिंग लागत नाही. चाळीस वर्षं चेनी बसवणाऱ्या माणसाला मी शिकवलं. पण लगेच व्हॉट्सॲपवर विचारलं पण होतं, पुरावा आहे, त्यानं दोन मिनिटात उत्तर दिलं, सर कार्बन कोटिंगमुळे रिंगची गरजच नाही, ती जुनी सिस्टिम. इतक्या आत्मविश्वासानं कुणी सांगितलं तर माणूस काय करणार. नंतर बीएमडब्ल्यूची माहिती नीट उघडून वाचली तर त्यांच्या चेनमध्येसुद्धा आत ग्रीस आणि एक्स-रिंगा आहेतच! कोटिंग फक्त बाहेरच्या कामासाठी, रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दातावर घासतो तिथलं तेल वाचवायला. म्हणजे खोटं किती बेमालूम बघा, ज्या वस्तूचं नाव घेऊन विकलं तिचाच अर्धा भाग गायब.

मामा काही बोलले नाहीत. "बसवतो, तुझी गाडी," एवढंच.

आणि ह्या लोकांची खरी हुशारी वॉरंटी कार्डात. ५ वर्षं वॉरंटी, पण खाली अट, कोणतंही तेल अथवा ल्यूब लावल्यास वॉरंटी रद्द. वाचताना बरोबर वाटतं, कोटिंग खराब होत असेल. पण बघा काय होतं, बिनरिंगची साधी चेन, तिला तेल मिळालं असतं तर निदान बऱ्यापैकी चालली असती, ती कोरडीच पळवायची, आवाज आला की विचारायचं, तो म्हणणार सर कोटिंग सेट होतंय, दोन-तीन आठवडे द्या. तोवर परत करायची ७ दिवसांची मुदत गेली. आणि एकदा बसवलेला माल परत घेत नाही ही अजून एक अट. बसवल्याशिवाय कळणार नाही आणि बसवला तर परत नाही!

आधी खरखर. मग लिंकांच्या सांध्यातून लाल भुकटी यायला लागली, बोटाला लावून बघितली तर बारीक विटकरी पावडर. ही खूण लक्षात ठेवा, चेनमधून लाल भुकटी म्हणजे आतल्या पिना कोरड्या पडून झिजतायत, वरून कितीही चमकू दे. मग चेन सारखी ढिली. टाइट केली की आठवड्यात परत लोंबते, एका ठिकाणी टाइट आणि अर्धं चाक फिरवलं की ढिली, म्हणजे एकसारखी ताणलेली पण नाही. आणि शेवटी गगनबावड्याच्या अलीकडे चढावर गिअर टाकला आणि कडाड्‌कन आवाज, लॉकची क्लिप उडाली, चेन सुटून रस्त्यावर. नशीब मागं पडली. पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गोळा झाली असती तर मागचं चाक जागेवर लॉक, इंजिनचं कव्हर फुटतं ते वेगळंच. ह्याला कुणी "मालाचा किरकोळ दोष" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मामांनी ती चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसली. फडकं पिवळं झालं. कार्बन कोटिंग म्हणे. स्प्रे मारलेला होता.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. आधी एका हेल्पलाइनला फोन, वीस मिनिटं ट्यून, मग बाई म्हणाल्या वस्तू मिळाली का? मिळाली. मग ही ऑनलाइन फसवणूक होत नाही. पोलीस ठाण्यात गेलो, साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी या. दुसऱ्या दिवशी भेटले, चेन हातात घेऊन बघितली, म्हणाले चेन तर आहे की ही. मी म्हटलं साहेब, प्रश्न चेन आहे का नाही हा नाहीये. तर म्हणे हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा, आणि वर हसून, "एवढी महाग चेन कशाला घालायची?" तक्रार अर्जाची पोचसुद्धा मागून मागून, तिसऱ्या खेपेला. बँकेत गेलो, तुम्हीच पिन टाकला ना. टाकला. मग व्यवहार बरोबर आहे. कुरिअरवाले म्हणतात आम्ही फक्त पोचवतो, पाठवणाऱ्याचा पत्ता देता येत नाही, गोपनीय आहे. चोराची गोपनीयता जपतायत आणि माझा फोन नंबर गावभर! जाहिरातीची तक्रार ज्या ॲपवर होती तिथं केली, उत्तर आलं ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. ऑनलाइन तक्रार केली होती त्याचं स्टेटस बघितलं तर "निकाली". काय निकाली? कंपनीला ईमेल पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून बंद. असं असेल तर सगळीच भांडणं निकाली काढता येतील की.

आणि बिल बघा. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द. हे शोधायला मला एक मिनिट लागलं, फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. ऑर्डरच्या आधी नंबर मागा, देत नसेल तर सोडून द्या. हा कागद मी ठाण्यात दाखवला तर म्हणे ते जीएसटीवाल्यांचं काम, आणि जीएसटीवाले म्हणे तुमची फसवणूक ते पोलिसांचं. दोन्हीकडच्या खुर्च्या मात्र एकदम मऊ.

नवीन चेन सेट माहितीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतला, रिंगवाला, लॉकच्या पिशवीत चार रिंगा मोजून. तेल लागतंच, फक्त कमी कटकटीत. रिंगवाल्या चेनला पेट्रोलनं धुऊ नका, रिंगा खराब होतात, रॉकेल वापरा, तारेचा ब्रश नको. क्लिप असेल तर क्लिपचं उघडं तोंड चेन पळते त्याच्या उलट्या बाजूला. नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर कुणी बसवत असेल तर बसवू देऊ नका. आणि तेल लावलं तर वॉरंटी जाते असं कुठल्याही चेनवाल्यानं सांगितलं तर तिथूनच फोन ठेवा.

मी ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. एकसारखी तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्रही जाऊ शकतात. म्हणून विचारतोय, काळा बॉक्स, सोनेरी चेन, ९९९ बुकिंग, ०७ चा जीएसटी नंबर, हे कुणाकडे असेल तर बिल, यूपीआयची पावती आणि चॅट डिलीट न करता ठेवा आणि मला मेसेज करा. चेन भंगारात घालू नका. माझी मामांच्या गॅरेजमध्ये गोणपाटात बांधून ठेवलीय, वर चिठ्ठी लावलीय, हात लावायचा नाही.