अमेरिकेची ‘फारा’ नोंदवही: पैसा दिसतो, पण उशिरा

परक्या सरकारसाठी, पक्षासाठी किंवा कंपनीसाठी अमेरिकेत राजकारण किंवा जनमत वळवण्याचं काम करणाऱ्यानं स्वतःचं नाव, अशील (म्हणजे काम देणारा परकीय) आणि मिळालेला पैसा जाहीर करावा, असं ‘फारा’ (फॉरिन एजंट्स रजिस्ट्रेशन अॅक्ट) कायदा सांगतो. १९३८ साली तो आला तो नाझी प्रचाराला आळा घालायला. त्याखालची सगळी कागदपत्रं न्याय खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात, लॉगिनही लागत नाही. छुप्या परकीय प्रभावाचा माग काढणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, पण तिच्या खाचाखोचा माहीत हव्यात.

शोध कंपनीच्या नावानं सुरू करू नका. देश निवडा, त्या देशाच्या अशिलांची यादी काढा आणि सध्याच्या नोंदींबरोबर बंद झालेल्याही बघा. मग थेट ‘एक्झिबिट बी’ हे नोंदणीसोबतचं परिशिष्ट उघडा. मूळ करार त्यालाच जोडलेला असतो: काम काय, रक्कम किती, हप्ते कसे. त्यानंतर सहामाही विवरण. कुणाला भेटले, कुणाला फोन केला, कुठल्या उमेदवाराला देणगी दिली, हे त्यात सापडतं. जुने कागद स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे मजकुराच्या शोधात नावं निसटतात. तिथे पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

सर्वात बोलकी गोष्ट म्हणजे पानावरचा ‘प्राप्त’ शिक्का. त्यावरच्या तारखेत महिना आधी येतो, हे विसरू नका. काम स्वीकारल्यापासून १० दिवसांत नोंदणी व्हायला हवी. करार आणि शिक्का यांतलं अंतर मोजा, म्हणजे लपवाछपवी कळते. ट्रम्प यांचे २०१६ च्या प्रचारातले सल्लागार मायकेल फ्लिन यांच्या कंपनीचे कागद बघा. काम २०१६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधलं, पैसे देणारी नेदरलँड्समधली कंपनी, रक्कम ५ लाख ३० हजार डॉलर. तुर्कस्तान सरकारच्या विरोधकाबद्दलचा फ्लिन यांचा लेख ८ नोव्हेंबरला, म्हणजे अध्यक्षपदाच्या ऐन मतदानाच्या दिवशी छापून आला. नोंदणी झाली मार्च २०१७ मध्ये. या कामाचा मुख्य फायदा तुर्कस्तानला झाला असं मानता येईल, ही कबुलीही त्याच कागदांत आहे. मतदाराला हे चार महिने आधी कळायला हवं होतं!

वेळेवर भरलेलं विवरणही शिळंच असतं. सहा महिन्यांचा हिशेब, वर भरायला ३० दिवस. मुदतीच्या सुरुवातीला आलेला पैसा दिसायला सात महिने लागू शकतात. प्रचारसाहित्य मात्र ४८ तासांत दाखल करावं लागतं, म्हणून चालू घडामोडींसाठी तोच विभाग बघावा.

सगळ्यात मोठं भगदाड सवलतींचं. अशील सरकार किंवा राजकीय पक्ष नसून खासगी कंपनी असेल, तर लॉबिस्टला (खासदार-अधिकाऱ्यांवर प्रभाव टाकणाऱ्या मध्यस्थाला) १९९५ च्या लॉबिंग कायद्याखाली संसदेकडे नोंदणी करून फारातून सुटता येतं. तिथे दर तिमाहीला एक ठोक आकडा मिळतो. भेटलेल्या खासदाराचं नावही नाही. म्हणून फारात नाव सापडलं नाही, तर तिकडे शोधल्याशिवाय थांबू नका.

धाकही कमीच. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची, पण १९६६ ते २०१५ या काळात फौजदारी खटले झाले अवघे सात. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्याय खात्यानं असे खटले हेरगिरीसारख्या प्रकारांपुरतेच ठेवायचं ठरवलं.

नोंदवहीला पाचापैकी साडेतीन. अंमलबजावणीला एक.