थर्मोग्राफी: वर्षातून एकदा एजन्सी, की हाताशी स्वतःचा कॅमेरा?

मेंटेनन्सच्या बजेटात थर्मोग्राफीसाठी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने विजेच्या पॅनेलमधले तापलेले जोड शोधण्यासाठी, थोडे पैसे निघाले की हा प्रश्न येतोच. आमच्या चाकणच्या कारखान्यात दोन्ही करून झालंय. कॅमेऱ्याचा डिटेक्टर, रेंज वगैरे कॅटलॉगमध्ये सापडेल, ते इथे उगाळत नाही.

आधी एजन्सीबद्दल, कारण तिची बाजू काही लेचीपेची नाही. चांगल्या एजन्सीचा माणूस शिकलेला असतो. चकचकीत तांब्याच्या बसबारची (वीज वाहणाऱ्या पट्टीची) एमिसिव्हिटी, म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता, ० ते १ च्या मापात ०.१ च्याही खाली असते, त्यामुळे तिथे कॅमेरा बसबारच्या तापमानापेक्षा समोर उभ्या माणसाच्या अंगाची ऊबच जास्त दाखवतो, हे त्याला सांगावं लागत नाही. तो मुकाट्याने शेजारच्या इन्सुलेशनच्या स्लीव्हवर किंवा काळ्या टेपवर नेम धरतो. शिवाय इन्शुरन्सवाल्यांना लेटरहेडवरचा, सही-शिक्क्याचा रिपोर्ट हवा असतो. आपण काढलेले फोटो त्यांना चालतीलच असं नाही.

मग अडतं कुठे? आमचं अडलं गुरुवारपाशी.

चालू लाइनच्या पॅनेलचं दार उघडायचं नाही, हा प्रॉडक्शनचा हुकूम. बऱ्याच फीडरचं (एकेका लोडला वीज देणाऱ्या कप्प्याचं) दार हँडलला इंटरलॉक असतं. ब्रेकर चालू ठेवून ते उघडायचं म्हणजे स्क्रू फिरवून इंटरलॉक सोडवावा लागतो, आणि त्या खटपटीत कुणाचा धक्का लागून लाइन बसली तर? त्यांची भीती खोटी नाही. म्हणून एजन्सीला तारीख मिळायची ती आमच्या पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीची, म्हणजे गुरुवारची. त्या दिवशी फीडरवर काय, तर दिवे आणि एखादा कॉम्प्रेसर. आता जोड तापतो तो करंटच्या वर्गाने: लोड निम्मा असेल तर उष्णता पाव, आणि लोड दहा टक्के असेल तर उष्णता शंभरावा हिस्सा. बुधवारी सणसणीत तापलेला लूज जोड गुरुवारी तिन्ही फेज एका रंगात दाखवून निवांत बसतो. अमेरिकेतलं एनएफपीए ७०बी हे विद्युत देखभालीचं मानक उपकरणाच्या रेटिंगच्या किमान ४० टक्के लोड मागतं. आमच्या रिपोर्टात मात्र पानापानावर 'नॉर्मल', आणि शेवटी बारीक अक्षरात 'तपासणीच्या वेळी पुरेसा लोड उपलब्ध नव्हता'. बिल पूर्ण लोडचं! एजन्सीला दोष देत नाही, तारीख आमचीच होती. पण हे दरवर्षी व्हायला लागलं तेव्हा कॅमेऱ्याची फाइल हलली.

स्वतःचा कॅमेरा असला की प्रॉडक्शनकडे अख्खा दिवस मागावा लागत नाही. एकेका दाराची परवानगी मिळते, आणि तीही लाइन जोरात असताना. मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं, कपॅसिटरचं) उघडलं, तर कपॅसिटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरवर आर आणि बी फेज पन्नास अंशांच्या आत, वाय फेज ऐंशीच्या वर. टाँग टेस्टरने (केबलभोवती लावून करंट मोजायच्या मीटरने) तिन्हींचा करंट जवळपास सारखाच. एकसारख्या लोडवर फेजांमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर नेटा (NETA) या अमेरिकेतल्या विद्युत चाचणी संघटनेच्या तक्त्यात तो 'ताबडतोब दुरुस्ती'च्या रकान्यात जातो. कपॅसिटरची ती स्टेप बंद करून खोललं तर स्प्रिंग वॉशर चपटा झालेला आणि लगचं (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाचं) क्रिम्पिंग इतकं ढिलं, की केबल हाताने फिरत होती. नवा लग मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोडवर पुन्हा पाहिलं. हे 'पुन्हा पाहणं' एजन्सीकडून हवं असेल तर नवी पीओ (खरेदी ऑर्डर) काढावी लागते.

कॅमेऱ्यालाही खोड्या आहेतच. समोर अ‍ॅक्रिलिकचं कव्हर असेल तर फक्त कव्हरचं तापमान दिसतं, मागचं काही नाही. जिवंत पॅनेलसमोर फेस शील्ड आणि ग्लोव्हज घालूनच उभं राहायचं, कॅमेरा आपला आहे म्हणून आर्क फ्लॅश (विजेच्या ठिणगीचा स्फोट) सवलत देत नाही. आणि तो एका ठरावीक माणसाच्या ताब्यात नसेल तर कपाटात जातो. फोनला लावायचा स्वस्त कॅमेराही मिळतो. घरच्या डीबीला (वीज वाटपाच्या बॉक्सला) ठीक आहे, पण उघड्या पॅनेलसमोर दोन्ही हात अडकलेले आणि त्यात साहेबांचा फोन, हे मला तरी झेपलं नाही.

तुमच्याकडे दोन-चारच पॅनेलं असतील, किंवा चालू दिवशी दार उघडायला कुणाची हरकत नसेल, तर कदाचित एजन्सीच परवडेल. पण सुट्टी सोडून तारीख मिळत नसेल, तर मी तरी कॅमेऱ्याकडे झुकेन. डिटेक्टर १६० बाय १२० पिक्सेलच्या खालचा नको, नाहीतर लांबून लग आणि केबल वेगळे दिसत नाहीत. इन्शुरन्सपुरती एजन्सी आम्ही अजून बोलावतो. फक्त तपासणीच्या वेळचे प्रत्येक फीडरचे अँपिअर रिपोर्टात लिहिले नसतील तर बिल पास होणार नाही, ही ओळ आता पीओमध्येच असते.