फायर पंप, सहा महिन्यांनंतर: सगळं अडलं एका वायसरपाशी

मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या डोंगरात राहणाऱ्या आणि वणव्यासाठीच्या फायर प्लॅनमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. 163 सीसी इंजिन, 38 मिमी सक्शन, 19 मिमीच्या दोन नळ्या. सप्टेंबर ते मार्च, दर महिन्याला 10 मिनिटं चालवला.

जानेवारीत, ऐन उन्हाच्या आठवड्यात, पंपाने पाणी उचलणं सोडलं. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू, नोझलमधून मात्र नुसती फुरफुर. विहिरीवर मोटार चालवलेल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे: पंप हवा घेतोय. दुकानातून उत्तर मिळालं, "प्रायमिंग नीट करत नसाल." 5 मीटर सक्शनमध्ये साधारण साडेपाच लिटर पाणी मावतं. ते भरलं, केसिंग तोंडोतोंड भरलं, बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावलं. तरी मिनिटभरात पाणी तुटलं. फूटव्हॉल्व्ह (सक्शनच्या तळाची झडप) स्वच्छ होता, जाळीत पानही नव्हतं.

दोष निघाला किटमधल्या कॅमलॉकच्या (नळी जोडायच्या खटक्याच्या सांध्याच्या) रबरी वायसरचा. उन्हाने कडक होऊन त्याला केसाएवढी चीर गेली होती. टाकी जमिनीत आणि पंप वर असेल तर सक्शनची गळती दिसत नाही. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो, तिथेच गळती.

तोवर या रिव्ह्यूत पंपाला एकच तारा द्यायचा ठरलं होतं. आता पंपाला चार, आणि सोबतच्या किटला शून्य. वीज आणि नळाचं पाणी दोन्ही जाऊ शकतं, अशा दिवसासाठी ही वस्तू विकतात. तिच्यात असलं वायसर घालणं अक्षम्य आहे. नवं दोन-तीन डॉलरना मिळतं.

बादली लावून मोजलं: एका नळीने 10 लिटर 12 सेकंदांत, म्हणजे मिनिटाला 50. दोन्ही नळ्यांना एवढीच धार धरली तर 10,000 लिटरची टाकी 1 तास 40 मिनिटांत रिकामी. ठिणग्यांचा मारा आग पोचण्याआधी सुरू होतो आणि ती पुढे गेल्यावरही तासन् तास चालतो. म्हणून एकाच नळीने, थांबून थांबून पाणी मारा. जमिनीवरचा पीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ पडतो. तांब्याचा घ्या, नाहीतर पीव्हीसी पुरून टाका. चाचणी झाली की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, नाहीतर शिळं पेट्रोल जेटच्या बारीक भोकात चिकटतं. भरउन्हात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन अडतं, त्यामुळे सावली देणारा पत्र्याचा आडोसा हवाच, पण हवा खेळती ठेवून. आज घ्यायचा असता तर डिझेलचाच घेतला असता.

प्लॅनमधलं एक वाक्य मात्र खोडलं: "पंप आहे, तर थांबू." 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत आमच्या व्हिक्टोरिया राज्यात 173 माणसं गेली. वणव्याच्या धोक्याच्या सप्टेंबर 2022 पासूनच्या चार पातळ्यांतली सगळ्यात वरची, 'कॅटॅस्ट्रॉफिक', जाहीर झाली, की आदल्या संध्याकाळीच किंवा पहाटे घर सोडायचं, पंप कितीही चांगला असो. तिच्या खालच्या 'एक्स्ट्रीम'ला म्हातारी माणसं आणि मुलं सकाळी 9 च्या आत बाहेर.

नवी दोन वायसर सिलिकॉन ग्रीस लावून, काळ्या पिशवीत, पंपाच्या हँडललाच तारेने बांधली आहेत. धुरात शोधाशोध होत नाही.